लहरी मोकळ्या, खांब मात्र कोणाचा?

बदलीचा आदेश हाती पडला तेव्हा घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून पहिले उद्गार निघाले ते असे : "राणीच्या गावाला चाललास!" मराठी माणसाच्या मनातील झाशी ही शालेय पाठ्यपुस्तकाच्या एका पानावर थांबलेली असते. किल्ला, उधळलेला घोडा आणि पाठीशी बांधलेला बाळ दामोदर. प्रत्यक्षात मात्र उतरल्यावर दिसते ते एक गजबजलेले, धुळीचे, कष्टाळू शहर. २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे पाच लाख वस्ती, रेल्वेचे मोठे जंक्शन, लष्करी छावणी, कचेऱ्या आणि स्पर्धा परीक्षांच्या शिकवण्यांच्या पाट्यांनी भरलेल्या गल्ल्या. नाशिकच्या गोदाकाठी ज्यांच्या नावाचे मंदिर आहे त्या नारोशंकरांनी अठराव्या शतकात सुभेदार या नात्याने येथील किल्ल्याचा विस्तार केला, तो भाग आजही शंकरगड म्हणून ओळखला जातो. त्या काळापासून आलेली काही मराठी घराणी येथे अद्याप नांदत आहेत. त्यांच्या मराठीला बुंदेली वळण आहे. ते कानाला फार गोड लागते.

आमच्या शाखेत दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात निवृत्तिवेतनासाठी येणारे असेच एक मराठी गुरुजी. वय ऐंशीच्या घरात, हातात काठी, आवाज मात्र वर्गातला. एके दिवशी पासबुक भरून झाल्यावर ते निघाले नाहीत, समोरच्या खुर्चीवर बसले आणि म्हणाले, "साहेब, एक खाते उघडायचे आहे. पण ते माझे नव्हे, बागेचे."

बागेचे खाते ही कल्पना मला नवी होती. चौकशी केली तेव्हा हकिगत समजली. सकाळी बागेत फिरायला येणाऱ्या ज्येष्ठांचा एक गट आहे. त्याच बागेत संध्याकाळी काही मुले-मुली अभ्यासाला बसतात. घर एका खोलीचे, त्यात दूरदर्शनसंच सुरू, धाकटी भावंडे. मग बागेतील दिव्याखालचा बाक हीच अभ्यासिका. त्यांत बागेच्या माळ्याची नातही होती. भरती परीक्षांची तयारी करणारी. घरात भ्रमणध्वनी एकच, आणि दिवसाचा डेटा दुपारपर्यंत आजोबा-वडील-भाऊ यांच्यात संपून गेलेला. सराव परीक्षेचा अर्धा पेपर सोडवून झाला की पडद्यावर फिरणारे चक्र. एका भरतीचा अर्ज शेवटच्या तारखेला रात्री भरताना शुल्क कापले गेले, पण पावती उतरली नाही. पुढचे चार दिवस तिने काय सोसले असेल, हे बँकेत बसणाऱ्या आमच्यासारख्यांना अधिक सांगायला नको. पैसे परत आले. अर्जाची मुदत परत आली नाही. ज्येष्ठांनी ठरविले की वर्गणी काढून बागेत वाय-फाय बसवायचे.

खात्याचा प्रश्न सोपा होता. नोंदणी नसलेल्या मंडळालाही खाते उघडता येते : मंडळाचा ठराव, पॅन अथवा फॉर्म ६०, व्यवहार कोणी करायचा त्याचे अधिकारपत्र आणि त्या व्यक्तींची ओळख-पत्ता कागदपत्रे. ते काम आठवड्यात झाले. खरा प्रश्न गुरुजींनी जाता जाता विचारला. "पण साहेब, याची परवानगी कोण देतो हो? कोणी म्हणतो दिल्लीहून आणावी लागते, कोणी म्हणतो नगर निगम, कोणी म्हणतो पोलीस." मी 'पाहतो' असे म्हणालो. बँक अधिकाऱ्याच्या तोंडी हा शब्द फार सहज येतो. पुढचे दोन-अडीच महिने रजेच्या दिवशी आणि सुट्टीच्या संध्याकाळी मी तेच पाहत होतो. त्यातून जे हाती लागले ते वाचक ग्राहकांसमोर ठेवीत आहे. कारण हा प्रश्न एका झाशीचा नाही.

प्रथम दिल्लीविषयी. बिनतारी यंत्र बाळगण्यास परवाना लागतो, हा धाक १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी अधिनियमाने निर्माण केला, आणि त्यामागे १८८५ चा टेलिग्राफ अधिनियम उभा होता. वाय-फायचा राउटर हे शेवटी एक छोटे बिनतारी प्रक्षेपकच. परंतु २८ जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने केंद्र शासनाने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्‌झ हा पट्टा, ठरावीक शक्तीच्या मर्यादेत, परवान्यातून मुक्त केला. प्रक्षेपकाची शक्ती एक वॅट आणि अँटेनासह परिणामी शक्ती चार वॅट, एवढी ती मर्यादा. ऑक्टोबर २०१८ मध्ये पाच गिगाहर्ट्‌झचा मोठा पट्टाही घराबाहेरील वापरासाठी असाच खुला झाला. बाजारात रीतसर मान्यता घेऊन आलेला राउटर या मर्यादांतच चालतो. म्हणजे लहरींसाठी परवानगी मागण्याची वेळ केव्हाच सरली आहे. गुरुजींना हे सांगितले तेव्हा त्यांचा विश्वास बसेना. वीस वर्षे मोकळी असलेली गोष्ट अजून बंद आहे असेच सारे गाव मानीत होते!

लहरी मोकळ्या झाल्या तरी इंटरनेट विकणे अथवा वाटणे मोकळे नव्हते. घरगुती जोडणी घेऊन ती चारचौघांस देणे सेवा कंपनीच्या कराराविरुद्ध, आणि व्यवसाय म्हणून करावयाचे तर दूरसंचार खात्याचा परवाना. चहावाल्याने तो कोठून आणावा? ही कोंडी दूरसंचार नियामक प्राधिकरणाने मार्च २०१७ मधील शिफारशींत मांडली आणि ९ डिसेंबर २०२० रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने 'पीएम-वाणी' या योजनेस मंजुरी देऊन ती सोडविली. वाचकांपैकी चाळिशीच्या पुढच्यांना पिवळ्या पाटीचे एसटीडी-पीसीओ आठवत असतील. काचेची खोली, लाल आकड्यांचे मीटर, रात्रीच्या सवलतीच्या दरासाठी लागलेली रांग. त्याच धर्तीवर येथे 'पब्लिक डेटा ऑफिस' म्हणजे पीडीओ कल्पिलेले आहे. किराणा दुकानदार, चहावाला, मंडळ, कोणीही ते चालवू शकतो. त्यास परवाना नाही, नोंदणी नाही, शुल्क नाही. अनेक पीडीओंचा हिशेब आणि ग्राहकांची ओळख-पडताळणी सांभाळणारा जो समूहचालक असतो, त्याने आणि ॲप पुरविणाऱ्याने तेवढी दूरसंचार खात्याकडे नोंदणी करावयाची.

ओळख-पडताळणीचे एवढे प्रयोजन काय, असे वाचकांस वाटेल. त्याचे उत्तर महाराष्ट्रातच आहे. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बॉम्बस्फोट होण्याच्या काही मिनिटे आधी प्रसारमाध्यमांकडे आलेला ई-मेल नवी मुंबईतील एका घरातील उघड्या वाय-फायवरून गेल्याचे तपासात निष्पन्न झाले. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीतील स्फोटांच्या वेळी आलेल्या मेलचा माग चेंबूरपर्यंत पोहोचला. दोन्ही ठिकाणी जोडणीच्या मालकाचा या कटाशी काही संबंध नव्हता. संकेतशब्द नसल्याने दार उघडे राहिले होते एवढेच. त्यानंतर २३ फेब्रुवारी २००९ रोजी दूरसंचार खात्याने सूचना काढल्या. सार्वजनिक ठिकाणी वाय-फाय देणाऱ्याने एकतर ग्राहकाच्या छायाचित्र-ओळखपत्राची प्रत वर्षभर जपावी, नाहीतर भ्रमणध्वनीवर संदेशाने संकेतशब्द पाठवून तो क्रमांक वर्षभर नोंदवून ठेवावा. रेल्वे स्थानकावर वाय-फाय जोडताना जो ओटीपी येतो तो याचाच वंशज. बागेसाठी याचा अर्थ असा की, राउटर आणून झाडाला टांगला आणि संकेतशब्द फळ्यावर लिहिला, हा मार्ग चालणार नाही. उद्या काही विपरीत घडले तर चौकशी गुरुजींच्या दारी येईल. पीएम-वाणीत ही जबाबदारी समूहचालक उचलतो, हा त्या मार्गाचा माझ्या मते सर्वांत मोठा लाभ, स्वस्ताई नंतरची.

येथवर सारे कागदावर सुरळीत होते. मग मी गुरुजींना एक साधा प्रश्न केला : "बाग कोणाची?" ते हसले. "आमचीच की. चाळीस वर्षे फिरतो आहे मी तिथे."

कोणत्याही जुन्या शहराप्रमाणे झाशीतही मोकळ्या जागांना मालक अनेक आहेत. नगर निगम, विकास प्राधिकरण, छावणी परिषद, रेल्वे, राज्य शासनाची खाती आणि स्मारकांच्या परिसरात भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण. फाटकावरची पाटी एकाची, माळ्याचा पगार दुसऱ्याकडून, विजेचे देयक तिसऱ्याच्या नावे, असेही घडू शकते. आमच्या बागेत नेमके तसेच निघाले. पहिल्या कार्यालयाने आपुलकीने चहा पाजून दुसऱ्याकडे पाठविले; दुसऱ्याने अर्ज ठेवून घेतला आणि 'नस्तीत तरतूद दिसत नाही' असे तोंडी सांगितले. यात कोणाची दुष्टबुद्धी मला दिसली नाही. वाय-फाय या शब्दासाठी फाईलच नव्हती. कारंज्यासाठी होती, खेळण्यांसाठी होती, जाहिरात-फलकासाठी तर चांगली जाड होती.

फलकाच्याच फाईलमध्ये आमचा अर्ज प्रथम लावला गेला, आणि मग वार्षिक शुल्काची गोष्ट निघाली! येथे कायद्याची थोडी ओळख उपयोगी पडली. उत्तर प्रदेशात उद्याने, क्रीडांगणे व मोकळ्या जागांचे जतन करण्यासाठी १९७५ चा स्वतंत्र अधिनियम आहे. यादीत समाविष्ट असलेल्या उद्यानाचा वापर, विहित प्राधिकाऱ्याच्या पूर्वसंमतीविना, उद्यानाखेरीज अन्य प्रयोजनासाठी करता येत नाही. मला हा कायदा अडसर वाटत नाही. लग्नाचे मांडव आणि वाहनतळ यांनी गिळलेल्या बागा आपण आपल्याकडेही पाहिल्या आहेत. तेथे असाच आधार लागतो. मात्र अर्ज लिहिताना त्याची भाषा सांभाळावी लागते. आमच्या पहिल्या अर्जात 'वाय-फाय केंद्र उभारणे' असे होते. 'उभारणे' या एका क्रियापदाने बांधकामाचा वास आला. दुसऱ्या अर्जात आम्ही लिहिले : अस्तित्वात असलेल्या दिव्याच्या खांबावर हातभर लांबीची पेटी बसविणे, जमिनीत खोदकाम न करता, येणाऱ्यांच्या सोयीसाठी, विनाजाहिरात. त्यासोबत पेटीचे मापांसह चित्र जोडले. गुरुजींनी ते शुद्ध हिंदीत स्वहस्ते लिहिले. अक्षर असे की संबंधित लिपिकाने ते दोन जणांना दाखविले.

झाशीत आणखी एक वर्तुळ आहे, आणि ते वाचकांना मनोरंजक वाटेल. किल्ला आणि राणीमहाल ही दोन्ही केंद्र-संरक्षित स्मारके शहराच्या ऐन वस्तीत आहेत. २०१० साली सुधारलेल्या प्राचीन स्मारके अधिनियमानुसार अशा स्मारकाच्या संरक्षित सीमेपासून शंभर मीटरपर्यंतचे क्षेत्र प्रतिबंधित, तेथे नवे बांधकाम नाही. आणि त्यापुढील दोनशे मीटर विनियमित, तेथे बांधकामास राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाची शिफारस व सक्षम अधिकाऱ्याची परवानगी. म्हणजे किल्ल्याच्या पायथ्याशी एखाद्या बागेत नवा खांब रोवायचा म्हटला तर प्रश्न थेट राणीच्या तटापर्यंत पोहोचतो. त्याच अधिनियमातील 'बांधकाम' या शब्दाची व्याख्या मात्र मुळातून वाचण्याजोगी आहे. सांडपाण्याची व पाणीपुरवठ्याची कामे, सार्वजनिक वीजपुरवठा आणि जनतेसाठीच्या तत्सम सुविधा तिने बांधकामातून वगळल्या आहेत. वाय-फाय त्या 'तत्सम' सुविधांत बसते काय? युक्तिवाद करता येईल. परंतु स्वतःच निवाडा करून खांब रोवण्यापेक्षा लेखी विचारणा करून ठेवणे शहाणपणाचे. सुदैवाने आमची बाग या वर्तुळांच्या बाहेर होती. मोजपट्टी घेऊन नव्हे, नकाशावरून खात्री केली, आणि तो नकाशाही अर्जास जोडला.

न्यूयॉर्क शहरातील ब्रायंट पार्कमध्ये २००२ सालीच मोफत वाय-फाय सुरू झाले होते. तेथील स्वयंसेवकांनी ते उभे केले यात नवल नाही. आपल्याकडेही हौशी तरुणांची वाण नाही. पण त्या उद्यानाचा कारभार एकाच ना-नफा संस्थेकडे होता, त्यामुळे 'होय' म्हणणारा अधिकारी एकच होता. ही गोष्ट मी गुरुजींना सांगितली तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे यंत्र नव्हे, सही अवघड असते."

आता हिशेबाकडे वळतो, कारण बँकेच्या माणसाला तेथेच खरे सुख. मंडळाची सारी वर्गणी यंत्राच्या किमतीभोवती फिरत होती. पण यंत्र एकदाच घ्यावे लागते. जोडणीचे देयक दरमहा येते. विजेचा खर्च नगण्य आहे. पंधरा वॅटचा राउटर अहोरात्र चालविला तरी महिन्याला अकरा युनिटांच्या आतच. पाऊस, वीज आणि माकडे यांच्यापासून बचाव करणारी पेटी थोडी महाग. येथील माकडांना लोंबती तार पाहवत नाही. खरा भार जोडणीचा. पीएम-वाणीच्या प्रारंभीच्या वर्षांत कंपन्या पीडीओंकडे व्यावसायिक 'लीज्ड लाईन'चा आग्रह धरीत, आणि तिचा दर घरगुती ब्रॉडबँडच्या कित्येक पट. योजना रेंगाळली ती बव्हंशी यामुळे. २०१८ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचे उद्दिष्ट होते; पीएम-वाणीखालील आकडा २०२४ च्या मध्यास दोन लाखांच्या आसपास होता. अखेर १६ जून २०२५ रोजी नियामक प्राधिकरणाने आदेश दिला की, २०० एमबीपीएसपर्यंतच्या घरगुती फायबर योजना पीडीओंना घरगुती दराच्या दुपटीहून अधिक दराने देता येणार नाहीत. गुरुजींच्या मंडळाचे अंदाजपत्रक या एका आदेशामुळे आवाक्यात आले.

फुकट वाय-फायच्या मोठ्या योजनांचे पुढे काय झाले हेही आम्ही पाहिले. मुंबईत जानेवारी २०१७ मध्ये राज्य शासनाने पाचशे ठिकाणी सेवा सुरू केली. पुण्यात २०१८ च्या सुमारास उद्याने, रुग्णालये आदी दीडशे ठिकाणे गूगलच्या सहभागाने जोडली गेली. उत्तर प्रदेश शासनाने २०२१ मध्ये झाशीसह सतरा महानगरांत आणि दोनशे नगरपालिकांत मोफत वाय-फायची घोषणा केली. तथापि २०२० मध्येच गूगलने आपला स्थानकांवरील मोफत वाय-फायचा कार्यक्रम आवरता घेण्याचे जाहीर केले होते. मोबाइल डेटा स्वस्त झाला, हे त्याचे एक कारण. उद्घाटनाची फीत कापताना देयक कोण भरणार, हा प्रश्न कोणालाच आवडत नाही. कर्ज-प्रस्ताव तपासताना आम्ही प्रकल्पखर्चाइतकेच खेळत्या भांडवलाकडे पाहतो. बागेच्या बाबतीत मी तेच केले आणि थोडा अप्रिय झालो.

मार्ग निघाला तो फाटकाबाहेर. तेथे चहा-नाश्त्याचे एक पक्के दुकान आहे. दुकानदार आमचाच खातेदार. जागा त्याची भाड्याची पण रीतसर, वीजमापक स्वतःचा. त्याने आपल्या दुकानावर पीडीओ सुरू करायचे ठरविले. त्याच्या भिंतीसाठी उद्यानाची परवानगी लागत नाही. घरमालकाची संमती तेवढी लेखी घेतली. पाच-दहा रुपयांची छोटी कूपने तो विकतो, आणि अभ्यास करणाऱ्या मुलांची कूपने मंडळाच्या खात्यातून भागविली जातात. यंत्रसामग्री मोठी घ्यावयाची झाल्यास मुद्रा योजनेतील पन्नास हजारांपर्यंतचे 'शिशु' कर्ज अशा दुकानदारांसाठी आहे. आमच्या दुकानदाराला त्याची गरज भासली नाही, परंतु वाचकांपैकी कोणाला भासल्यास जवळच्या शाखेत अवश्य विचारणा करावी.

याच ओघात एक विनंती. बागेत, स्थानकावर, उपाहारगृहात वाय-फाय जोडताना नावाची खात्री करून घ्यावी. तशाच नावाचा बनावट हॉटस्पॉट शेजारी उभा करणे कठीण नसते. अशा जोडणीवर नेटबँकिंग अथवा पैशांचे व्यवहार शक्यतो करू नयेत. त्या दोन मिनिटांसाठी आपला मोबाइल डेटा वापरावा. आणि तरीही फसवणूक झालीच, तर विलंब न लावता १९३० या क्रमांकावर कळवावे आणि आपल्या शाखेस सांगावे. पहिल्या तासाभरात आलेल्या तक्रारीत पैसे गोठविता येण्याचा संभव अधिक असतो.

दुकानाच्या भिंतीवरून लहरी आत कितपत जातात, हे आम्ही एका संध्याकाळी चालत मोजले. पहिल्या चार बाकांपर्यंत उत्तम. पाचव्या बाकापासून कडुनिंबाची रांग सुरू होते. पाने लहरी शोषतात, ओली पाने अधिक. पावसाळ्यात तर तिसऱ्या बाकावरही अडखळते. म्हणून आतल्या दिव्याच्या खांबासाठी केलेला अर्ज आम्ही मागे घेतलेला नाही. तो आता जाहिरात-फलकांच्या फाईलमधून निघून विद्युत विभागाच्या टिप्पणीसाठी गेला आहे. आवक क्रमांक गुरुजींनी पासबुकाच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवला आहे आणि दर महिन्याला निवृत्तिवेतन घेऊन ते त्या कार्यालयात चौकशीस जातात.

माळ्याची नात फाटकापासून दुसऱ्या बाकावर बसते. तो बाक तिच्यासाठी मोकळा ठेवण्याचा ज्येष्ठांचा अलिखित नियम आहे. मागच्या महिन्यात तिने नव्या भरतीचा अर्ज भरला, मुदतीच्या नऊ दिवस आधी. शुल्काची पावती उतरली तेव्हा तिने ती प्रथम चहावाल्याला दाखविली, मग गुरुजींना. गुरुजींना चष्म्याविना काही दिसत नव्हते. त्यांनी ती तिच्याकडूनच मोठ्याने वाचून घेतली, व्यवहार क्रमांकासह.